हिरवा पडदा आणि आज्जीचा चुडा

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)



गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने दहा मिनिटांचा एक लघुपट दाखविला होता, तो आपल्यापैकी काहींच्या स्मरणात असेल. त्यात माझी आज्जी लोंढा स्टेशनच्या जुन्या फलाटावर उभी राहून बोलते. १९७३ साली लग्न होऊन ती निपाणीहून मोटारीने बेळगावला आली, आणि तेथून मीटरगेजच्या गाडीत बसून लोंढ्याला उतरली. त्या उतरण्याची हकीकत ती सांगते. मागचा फलाट काळापांढरा आहे आणि आज्जी मात्र रंगीत. लघुपट संपल्यावर पुष्कळांनी विचारले, "तो फलाट अजून आहे का? तेथे चित्रीकरणाला परवानगी कशी मिळाली?"

खरी गोष्ट अशी की आज्जी फलाटावर नव्हतीच. ती आमच्या घराच्या पडवीत एका कापडासमोर उभी होती. फलाट आला तो ट्रंकेतल्या एका जुन्या छायाचित्रातून. मीटरगेज तर १९९० नंतरच्या दशकातच गेले, रुळांची रुंदी बदलली आणि स्टेशनाचे रूपही पालटले. मागचे कापड काढून टाकून तेथे दुसरे चित्र बसविण्याच्या या विद्येला कीइंग म्हणतात. ते करताना आमची एक मोठी चूक झाली, आणि त्या चुकीमुळेच मला हा विषय थोडाफार समजला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने चित्रपटतंत्रावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु लेख वाचून झाल्यावर हा विषय मुळात हिशेबाचाच आहे हे आपल्याही लक्षात येईल, अशी आशा आहे.

फाळक्यांपासून निळ्या पडद्यापर्यंत

एका जागी घेतलेले चित्र दुसऱ्या जागी बसविण्याची युक्ती संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. आपल्याकडे तिचा मान दादासाहेब फाळके यांच्याकडे जातो. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळक्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई यांबरोबर जादूचे प्रयोगही केले होते. त्या प्रयोगांसाठी त्यांनी आपलेच आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले होते. देव अंतर्धान पावणे, हनुमंताने उड्डाण करणे, यांसारखी दृश्ये त्यांनी कॅमेऱ्यातच जमविली. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) यांतील चमत्कारांचे त्या काळच्या प्रेक्षकांना मोठे आकर्षण होते.

त्या काळची एक मुख्य युक्ती अशी: नटाला काळ्या कापडासमोर उभे करून चित्र घ्यावयाचे. काळ्या भागातून प्रकाश येत नाही, म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग फिल्म मागे गुंडाळून त्याच कोऱ्या भागावर दुसरे दृश्य घ्यावयाचे. म्हणजे काळा रंग हाच पहिला 'पडदा'. पण त्यात एक अडचण होती. माणसाचे केस काळे, डोळ्यांच्या बाहुल्या काळ्या, कपड्यांच्या चुण्यांतील सावल्याही काळ्या. फिल्मला त्यांच्यात आणि मागच्या कापडात फरक कळत नसे, आणि त्या काळ्या भागांतून पाठीमागचे दृश्य डोकावू लागे.

पुढे काही भाग झाकून काही भाग उघडा ठेवण्याची, म्हणजे मुखवटा लावण्याची पद्धत रूढ झाली. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेली आणि १९३३ मध्ये पुण्यास गेलेली प्रभात फिल्म कंपनी अशा कामात वाकबगार होती. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये कीर्तनाला बसलेल्या शिवाजी महाराजांचे अनेक शिवाजी होतात, आणि शेवटी तुकोबांना घेऊन विमान आकाशात जाते. त्या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना १९७७ चा 'बब्रुवाहन' आठवेल. त्यात अर्जुन आणि बब्रुवाहन, बाप आणि लेक, या दोन्ही भूमिका राजकुमार यांनीच केल्या आहेत. एक नट दोघांच्या रूपाने एका चौकटीत दाखवावयाचा म्हणजे चौकटीची वाटणी करावीच लागते.

मुखवटा स्थिर असेल तेथवर ठीक. पण माणूस चालू-बोलू लागला की प्रत्येक चौकटीला नवा मुखवटा हवा. तो हाताने कोण कापणार? तो रंगाकडूनच कापून घ्यावा, ही कल्पना येथे उपयोगी पडली. 'द थीफ ऑफ बगदाद' (१९४०) या चित्रपटात लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याचा वापर करून बाटलीतून निघणाऱ्या प्रचंड राक्षसाची दृश्ये साधली. त्या राक्षसासमोर उभा राहणारा साबू हा मुलगा मूळचा आपल्या म्हैसूरकडचा, हे येथे सांगावयास हरकत नाही. पुढे 'बेन हर' (१९५९) साठी पेट्रो व्लाहोस यांनी निळा आणि हिरवा या दोन रंगांमधील फरक मोजून मुखवटा काढण्याची रीत बसविली. तिच्यामुळे केस, धूर, काच यांसारख्या अर्धवट आरपार दिसणाऱ्या वस्तूही नीट उचलता येऊ लागल्या. आजचे संगणकी कीइंग हे या रीतीचेच नातवंड होय.

हिरवाच का?

माणसाच्या कातडीत तांबडा अंश जास्त असतो, मग ती गोरी असो की सावळी. निळा आणि हिरवा हे दोन रंग कातडीपासून दूरचे, म्हणून पडद्यासाठी तेच निवडले गेले. फिल्मच्या काळात निळा सोयीचा होता. डिजिटल कॅमेरे आले आणि हिरव्याला बढती मिळाली. त्याचे कारण कॅमेऱ्याच्या आतल्या रचनेत आहे. कोडॅक कंपनीचे ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटप्रमाणे, प्रकाश टिपणाऱ्या प्रत्येक ४ खणांपैकी २ हिरव्याचे, १ लाल आणि १ निळा अशी मांडणी बहुतेक कॅमेऱ्यांत असते. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्येही बहुधा तीच असते. मनुष्याच्या डोळ्यालाही उजेडाची जाण मुख्यतः हिरव्याकडूनच होते. साहजिकच हिरव्याची नोंद सर्वांत स्वच्छ मिळते, आणि निळ्यात खरखर जास्त येते.

कोणी म्हणेल, लोंढ्यात हिरव्याला काय तोटा? चहूकडे जंगलच आहे, त्याच्यासमोर माणूस उभा केला की झाले! आम्हीही प्रथम थट्टेने असेच म्हणालो होतो. पण रानाच्या हिरव्यात शंभर छटा असतात. कोवळे पान पिवळसर, जुने काळसर, पाऊस पडून गेला की पानावरची चकाकी पांढरी. कीइंगला हिरवा पुष्कळ नको असतो, एकसारखा हवा असतो. म्हणून आम्ही बेळगावच्या खडेबाजारातून भडक हिरवे कापड आणले, त्याला इस्त्री केली आणि पडवीत ताणून बांधले.

एका ठिपक्याचा हिशेब

संगणकावरचे चित्र ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, आणि साध्या नोंदीत ते ० ते २५५ च्या दरम्यान असतात. समजण्यापुरते काही आकडे घेऊ.

कापडाचा ठिपका: लाल ६०, हिरवा १८०, निळा ७०. येथे हिरवा हा बाकीच्या दोघांतल्या मोठ्यापेक्षा, म्हणजे ७० पेक्षा, ११० ने जास्त आहे. चेहऱ्याचा ठिपका: लाल १९०, हिरवा १४०, निळा ११०. येथे हिरवा पुढे नाहीच, तो लालच्या ५० ने मागे आहे. म्हणून त्याचे आधिक्य शून्य धरावयाचे. तेव्हा नियम असा झाला: हिरव्याचे आधिक्य ११० असेल तेथे पूर्ण पडदा, शून्य असेल तेथे पूर्ण माणूस.

आता खरी मौज केसांच्या कडेला आहे. एखाद्या ठिपक्यात निम्मा केस आणि निम्मे कापड आले असे समजू. केसाचे आकडे ३०, २०, २० आणि कापडाचे ६०, १८०, ७०. दोहोंची निम्मी-निम्मी बेरीज केली तर ठिपका येतो ४५, १००, ४५. हिरव्याचे आधिक्य ५५. ते ११० चे निम्मे आहे. म्हणजे आत किती केस आणि किती कापड हे संगणकाला कोणी सांगितलेले नसताना केवळ वजाबाकीने त्याने ओळखले की या ठिपक्यात पडद्याचा वाटा ५० टक्के आहे. उरलेला ५० टक्के वाटा माणसाचा. या वाट्याला अल्फा असे नाव आहे, आणि तो ० ते १ या मापात लिहितात. चित्रातील सर्व ठिपक्यांचे वाटे पांढऱ्या-काळ्यात मांडले की जे चित्र दिसते त्याला मॅट म्हणतात. पूर्ण माणूस तेथे पांढरे, पूर्ण पडदा तेथे काळे, आणि कडेला करडे.

हे वाचताना आपल्या वर्गातल्यांना भागीदारीचे प्रकरण आठवले असेल. मलाही तेच आठवले, आणि मग सारे सोपे झाले. कडेचा ठिपका ही एक भागीदारी संस्था आहे. तिच्यातून कापड निवृत्त होते आणि फलाट आत येतो. निवृत्त होणाऱ्याचा वाटा प्रथम चुकता करावा लागतो. ४५, १००, ४५ मधून कापडाचे निम्मे, म्हणजे ३०, ९०, ३५ वजा केले. बाकी राहिले १५, १०, १०. हा केसाचा शुद्ध निम्मा वाटा. आता नव्या भागीदाराला त्याच वाट्याने प्रवेश द्यावयाचा. आमचा फलाट काळापांढरा होता, म्हणून त्याचा ठिपका १२०, १२०, १२० असा घेऊ. त्याचे निम्मे ६०, ६०, ६०. बेरीज ७५, ७०, ७०. झाला जमाखर्च पुरा! केस आता कापडासमोर नसून फलाटासमोर उडतो आहे.

वाट्याप्रमाणे पुढचे चित्र, अधिक उरलेल्या वाट्याप्रमाणे मागचे चित्र, हा नियम लुकासफिल्ममधील थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात सूत्ररूपाने मांडला. आज बहुतेक सर्व सॉफ्टवेअर त्यावरच चालते.

जुन्या भागीदाराचा वाटा नीट चुकता केला नाही तर काय होते तेही पाहिले पाहिजे. माणसाच्या कडेला हिरवी झाक राहते. कापडावर पडलेला प्रकाश उलटून गालावर, कानामागे, पांढऱ्या केसांवर पडतो, त्याने ही झाक आणखी वाढते. ती घालविण्याच्या क्रियेला डिस्पिल म्हणतात. तिचा सोपा नियम असा, की हिरव्याला बाकीच्या दोघांतल्या मोठ्याच्या पुढे जाऊ द्यावयाचे नाही.

तेव्हा कीइंग म्हणजे कात्रीने कापणे नव्हे. कात्रीला वस्तू अलीकडची की पलीकडची, एवढेच ठाऊक असते. कीइंग म्हणजे वाटणी आहे. ज्याने कात्री चालविली त्याच्या चित्रातली माणसे पुठ्ठ्यावर चिकटविल्यासारखी दिसतात.

चुड्याचा प्रश्न

हे सारे मला आज सुचते आहे. त्या दिवशी ठाऊक नव्हते. आज्जीने लघुपटासाठी हौसेने डाळिंबी रंगाचे इरकल नेसले होते, डोक्यावरून पदर घेतला होता, आणि दोन्ही हातांत कोपराच्या दिशेने चढत गेलेला हिरवा चुडा होता. तिने दोन्ही हात हलवीत फार सुंदर बोलून दाखविले. कन्नड विभागात लिहिणारा माझा धारवाडकडचा मित्र हा आमच्यातला संगणकाचा जाणकार. त्याने चित्र ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये घातले, कापडाचा रंग दाखविला, आणि कापड गेले. कापडाबरोबर आज्जीच्या बांगड्याही गेल्या. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये हात तुटल्यासारखा दिसत होता, आणि त्या फटीतून फलाटाची फरशी दिसत होती.

हिशेब अगदी सरळ होता. बांगडीचा ठिपका लाल ४०, हिरवा १३०, निळा ६० असा धरू. आधिक्य ७०. ते ११० च्या सुमारे ६४ टक्के होते. संगणकाच्या दृष्टीने बांगडी ही ६४ टक्के कापडच होती. त्याने काही चूक केली नाही. त्याला रंगाखेरीज दुसरे काही दिसतच नाही.

आमच्यापुढे पहिला उपाय आला तो सर्वांत सोपा. आपण पुन्हा चित्र घेऊ, बांगड्या तेवढ्या बाजूला ठेवू. मित्राने कन्नडमध्ये मर्यादेने विचारले, "अज्जी, बळे तेगीरि." आज्जी निपाणीची, तिला दोन्ही भाषा येतात. तिने माझ्याकडे पाहून मराठीत उत्तर दिले, "ह्याचे आजोबा आत च्या पिऊन बसल्यात, नि मी बांगड्या काढू व्हय रे?" आम्ही दोघेही खाली पाहू लागलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "कापड बदला की. कापडाला काय कुंकू-चुडा हाय?"

मला मनापासून लाज वाटली. हिरवा चुडा म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आमच्या घरात कोणाचेही लग्न ठरले की पहिल्याने बांगड्यांचाच विषय निघतो. पण दोन दिवस पडद्याचा विचार करता करता बांगडी ही मला एक अडचण वाटू लागली होती. जिच्या लग्नाची गोष्ट आम्ही सांगणार होतो, तिचा लग्नाचा चुडाच आम्ही चित्रातून घालविण्यास निघालो होतो.

दुसरा उपाय होता. प्रत्येक चौकटीत बांगड्यांभोवती हाताने रेघ आखून 'हा भाग माणसाचाच आहे' असे सॉफ्टवेअरला सांगता येते. याला कोअर मॅट म्हणतात. पण आज्जी बोलताना हात हलविते. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर ४० सेकंदांच्या एका दृश्यात १२०० चौकटी, आणि हात दोन. काही चौकटींच्या मधले काम यंत्र भरून काढते हे खरे, पण किणकिणणाऱ्या बांगड्यांपुढे तेही टिकत नाही. तिसरा उपाय आज्जीनेच सांगितला होता. आम्ही निळे कापड आणले.

निळ्या पडद्यात निळ्याचे आधिक्य मोजावयाचे. बांगडीचा निळा ६०, हिरवा १३०. निळा मागेच आहे, आधिक्य शून्य. बांगडी पूर्णपणे माणसाच्या बाजूला आली. डाळिंबी इरकलाला निळ्यापासून धोका नव्हता. मात्र याची किंमत मोजावी लागली. निळ्याचे खण थोडे, म्हणून कडेला खरखर आली. शिवाय मोबाईलचे चित्र साठविताना जागा वाचावी म्हणून बहुधा चार ठिपक्यांमागे रंगाची एकच नोंद ठेवली जाते, त्यामुळे रंगाच्या कडा मुळातच ओबडधोबड असतात. डोक्यावरून पदर होता म्हणून मोकळ्या केसांची कड थोडीच होती, एवढे आमचे नशीब.

गाठींची वही

आता हे काम सॉफ्टवेअरमध्ये कसे मांडतात ते थोडक्यात सांगतो. काही सॉफ्टवेअरमध्ये चित्रे एकावर एक थर लावल्यासारखी ठेवतात. दुसरी पद्धत नोडची. नोड म्हणजे गाठ. प्रत्येक गाठ एकच काम करते, आणि गाठी रेषांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. या पद्धतीचे मोठ्या स्टुडिओंतले प्रसिद्ध सॉफ्टवेअर न्यूक. ते १९९३ मध्ये डिजिटल डोमेन या अमेरिकन संस्थेत घरच्या कामासाठी तयार झाले, आणि याच संस्थेने पुढे 'टायटॅनिक' (१९९७) ची दृश्ये केली. आपल्यासारख्यांना विनामूल्य मिळणारी ब्लेंडर आणि नेट्रॉन ही सॉफ्टवेअरही गाठींच्याच पद्धतीने चालतात.

आमच्या दृश्याची मांडणी अशी होती. पहिल्या गाठीत आज्जीचे मूळ चित्रण. तेथून एक रेषा कीइंगच्या गाठीकडे, जिला पडद्याचा रंग सांगितलेला. त्याच गाठीला बाजूने आणखी एक रेषा येते, गार्बेज मॅटची. आज्जीभोवती ढोबळ कुंपण घालून बाहेरची भिंत, दोरी, खांब हे सर्व सरसकट टाकून देण्याचे काम ती करते. दुसरीकडे जुने छायाचित्र स्वतंत्र गाठीत. तेथून ते किंचित पुसट करण्याच्या गाठीत जाते, कारण मागची वस्तू पुढच्या माणसाइतकी रेखीव असेल तर डोळ्याला खोटे वाटते. शेवटी दोन्ही रेषा अल्फा ओव्हर या गाठीत मिळतात, आणि तेथे वर सांगितलेला भागीदारीचा हिशेब होतो.

ही मांडणी पाहून मला आमच्या वह्यांचीच आठवण झाली. पावती, रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. रोजकीर्दीतली रक्कम खतावणीत गेली म्हणून मूळ पावती कोणी फाडून टाकीत नाही. तसेच येथे मूळ चित्रण कधीही बिघडत नाही. कोणत्याही गाठीवर बोट ठेवून तेथवरचे चित्र कसे झाले ते पाहता येते. चूक कोठे शिरली ते मागे मागे जाऊन सापडते. हिरव्या कापडाच्या जागी निळ्याचे चित्रण आले तेव्हा आम्ही फक्त पहिली गाठ बदलली आणि रंग नव्याने सांगितला. बाकी सारी वही तशीच राहिली.

करून पाहणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी कोणाला प्रयोग करावयाचा असेल तर आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पडद्याचा रंग माणूस पाहून ठरवावा. प्रथम पात्राचे कपडे, दागिने, हातातील वस्तू यांकडे पाहावे, मग कापड विकत आणावे. आम्ही उलटे केले.

माणूस पडद्यापासून निदान सहा-सात फूट पुढे असावा, म्हणजे सावली कापडावर पडत नाही आणि कापडाची झाक माणसावर कमी येते. आमच्या पडवीत जेमतेम पाच फूट मिळाले, म्हणून डिस्पिलवर जास्त खपावे लागले.

पडद्यावरचा उजेड एकसारखा हवा. याबाबतीत लोंढ्याच्या पावसाने आम्हांला मदत केली. ढगाळ आभाळ हा फुकटचा आणि उत्तम दिवा आहे. त्याचा उजेड चारी बाजूंनी मऊ येतो आणि चुण्यांच्या सावल्या पडत नाहीत. फक्त दोन सरींच्या मधली वेळ साधावी लागते.

मोबाईल तिकाटण्यावर घट्ट बसवावा, आणि उजेडाचे व रंगाचे माप आपोआप बदलणार नाही असे बांधून टाकावे. नाही तर चित्रणाच्या मध्येच पडद्याचे आकडे बदलतात, आणि ११० चा हिशेब कोठल्या कोठे जातो. शक्य तर कमरेवरचेच चित्र घ्यावे. पाय दाखविले की जमिनीवरची सावली दाखवावी लागते, आणि ते निराळेच प्रकरण आहे.

खरे आणि जोडलेले

आज संगणकावरून बोलताना पडद्याविनाही मागची खोली बदलता येते. ते काम यंत्राने असंख्य चित्रे पाहून शिकलेल्या अंदाजावर चालते, आणि केसांच्या कडेला किंवा हातातल्या वस्तूवर तो अंदाज अजूनही अडखळतो. हे तंत्र वाढतच जाणार. म्हणूनच एक प्रश्न आम्हांला पडला. आज्जी त्या फलाटावर आज उभी नव्हती, मग प्रेक्षकांना आपण फसवितो आहोत का? पुष्कळ वाद झाला. शेवटी आम्ही लघुपटाच्या आरंभी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत एक ओळ घातली, की फलाट जुन्या छायाचित्रातला आहे आणि आज्जी आजची आहे. तरीही काहींनी परवानगीची चौकशी केलीच! म्हणजे ती ओळ आणखी थोडा वेळ ठेवावयास हवी होती.

रंगांमधला फरक मोजण्याचे काम यंत्र बिनचूक करते. पण चित्रात काय ठेवावयाचे आणि काय सोडावयाचे हे त्याला कळत नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही नाही. ते आपण आधी ठरवावे लागते. आम्ही ते ठरविले नव्हते, म्हणून एका घरच्या माणसाला नको तो प्रश्न विचारला गेला.

लघुपट दाखविला त्या संध्याकाळी आज्जी आणि आजोबा दोघेही आले होते. काळ्यापांढऱ्या फलाटावर सर्व चित्रात हिरवी अशी एकच वस्तू होती. आज्जीने ती पाहिली, आजोबांकडे वळली आणि हळूच म्हणाली, "बघा, दिसाल्यात नव्हं?"